विकत घेतलेला श्रोता

लंडनच्या कॅम्डन भागात 'द अंडरवर्ल्ड' नावाचा क्लब आहे. २०१८च्या नोव्हेंबरमध्ये तिथे थ्रेटिन या अमेरिकी मेटल बँडचा कार्यक्रम ठरला. बँडच्या एजंटने क्लबला कळवलं की २९१ तिकिटं आगाऊ खपली आहेत. क्लबवाल्यांना शंका यावी असं काही नव्हतं. फेसबुकवर हजारो लाइक्स, यूट्यूबवर गच्च भरलेल्या कार्यक्रमांचे व्हिडिओ, एक रेकॉर्ड लेबल, दौरा ठरवणारी एक एजन्सी. कार्यक्रमाच्या रात्री तीन माणसं आली.

पुढच्या शहरांतही तेच झालं. मग क्लबवाल्यांनी आणि मेटल ऐकणाऱ्या चिकट लोकांनी नेटवर खणायला सुरुवात केली. लेबल, एजन्सी, चाहते, सगळा डोलारा जेरेड थ्रेटिन या एकाच माणसाने बसल्या जागी उभा केलेला निघाला. सोबत आणलेल्या वादकांनी आपल्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं असं सांगितलं आणि ते दौरा सोडून गेले. काही दिवसांनी थ्रेटिन म्हणाला की हे सगळं मुद्दामच केलं होतं. जगभर हसून झालं.

मला या गोष्टीतला वेगळाच भाग खटकत राहतो. हॉलचं भाडं त्याने खरंच भरलं होतं. विमानाची तिकिटं खरी, वादक खरे, गाणी खरी, गिटार खरी. या सगळ्यात खोटा होता तो फक्त श्रोता.

स्वतःची गाणी स्वतःच काढणाऱ्या लोकांना मार्केटिंग शिकवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत, आणि त्यात एक सल्ला हमखास असतो: स्ट्रीम्स विकत घेऊ नका, पकडले जाल. सल्ला बरोबर आहे. स्पॉटिफाय असे स्ट्रीम्स मोजणीतून काढून टाकतं, गाणंही उडू शकतं, आणि २०२४पासून एखाद्या गाण्यावर उघड उघड बनावट स्ट्रीमिंग आढळलं तर वितरकाला त्या गाण्यामागे दंड लावतं. तो शेवटी कलाकाराच्या अंगावर येऊ शकतो. पण 'पकडले जाल' हे कारण मला फार तोकडं वाटतं. परीक्षेत कॉपी करू नये कारण सुपरवायझर फिरतोय, असं म्हणण्यासारखं ते आहे. समजा उद्या बॉट इतके हुशार झाले की कुणालाच कधीच कळणार नाही. मग घ्यावेत का? तेव्हा त्यात वाईट नेमकं काय उरतं?

हा प्रश्न मला पडला तो एका मित्रामुळे. तो पुण्यात असतो, दिवसा माझ्यासारखाच कोड लिहितो आणि रात्री मराठी गाणी करतो. गेल्या गाण्याच्या मिक्सिंग-मास्टरिंगमध्ये त्याच्या पगाराचा चांगला लचका गेला. गाणं आलं, नातेवाइकांनी ग्रुपवर अंगठे पाठवले, आणि आठवड्याभरात आकडा जागच्या जागी थांबला. त्याचं म्हणणं असं होतं: "अरे, मोठ्या लेबलच्या गाण्यांची होर्डिंगं लागतात, इन्फ्लुएन्सरना पैसे देऊन रील्स करवून घेतात. ती लोकप्रियता विकतचीच आहे ना? त्यांनी कोटीत घेतली की मार्केटिंग, आणि मी पाच हजारांत घेतली की फसवणूक?"

हे उडवून लावण्यासारखं नाही. शिवाय त्याच्या बाजूने इतिहासही आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या ऑपेरामध्ये टाळ्या वाजवायला पगारी माणसं असत. त्यांना क्लाक म्हणत. कुणी योग्य जागी हसायचा, कुणी डोळ्याला रुमाल लावायचा, कुणी 'पुन्हा एकदा' ओरडायचा. ऑग्युस्त लव्हासर नावाचा त्यांचा म्होरक्या तर तालमींना हजर राहून कुठे किती टाळ्या हव्यात याचं नियोजन करत असे. आपल्याकडे सभेला ट्रक भरून माणसं आणतात, त्याचीच ही सुसंस्कृत आवृत्ती. पण इथे एक गंमत आहे. ट्रकमधून आणलेल्या माणसाला निदान भाषण ऐकावं लागतं. लव्हासरच्या माणसांनी तर पॅरिसमधल्या बहुतेकांपेक्षा जास्त ऑपेरा ऐकले असतील. भाड्याचा का होईना, तो कान होता. बॉटला कान नाही. कुठल्याशा सर्व्हरवर आवाज शून्य करून गाणं तीस सेकंदांच्या पुढे जातं, स्ट्रीम मोजला जातो, की लगेच पुढचं गाणं.

क्लाकचं पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. सगळेच गायक टाळ्या विकत घेऊ लागले, तेव्हा टाळ्यांचा फायदा कुणालाच होईना. पण थांबायची हिंमतही कुणाला होईना, कारण पैसे दिले नाहीत तर हीच मंडळी हुर्यो उडवतील ही भीती. म्हणजे आधी फायद्यासाठी दिलेला पैसा नंतर खंडणी झाला. कांट म्हणायचा की कुठलीही कृती करण्याआधी सगळेच तसं वागले तर काय होईल याचा विचार करा. बऱ्याचदा हा विचार हवेतला वाटतो. इथे तो एका इमारतीत, तिकीटबारीसकट घडून गेला आहे.

आता मित्राच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा. २००६ साली मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी अनोळखी बँड्सची ४८ गाणी एका वेबसाइटवर ठेवली आणि १४ हजारांहून जास्त लोकांना ती ऐकायला, आवडलं तर डाउनलोड करायला दिली. काहींना नुसती गाणी दिसली. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या 'जगांत' वाटलं गेलं, आणि तिथे आधीच्यांनी कुठलं गाणं किती वेळा डाउनलोड केलं तो आकडाही दिसत होता. गाणी तीच, पण प्रत्येक जगात हिट झालेली गाणी निराळी. अगदी चांगली गाणी फारशी आपटली नाहीत, अगदी वाईट गाणी फारशी वर गेली नाहीत, मधल्या सगळ्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. सुरुवातीला कुणाच्या बाजूला चार क्लिक पडल्या, यावर पुढचं सगळं.

म्हणजे मित्र चुकीचं बोलत नव्हता. आकडा पाहून माणसं ऐकतात. आपण बहुतेक सगळे मधल्या गठ्ठ्यातलेच, आणि तिथे नशिबाचा वाटा मोठा आहे. मग नशिबाला थोडा धक्का दिला तर काय बिघडलं?

त्याचंही उत्तर यांच्यापैकी दोघांनी शोधलं. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या प्रयोगात त्यांनी आकडे मुद्दाम उलटे केले: सर्वात जास्त डाउनलोड झालेल्या गाण्याला सर्वात कमीचा आकडा, दुसऱ्याला शेवटून दुसऱ्याचा, अशा क्रमाने. बऱ्याच गाण्यांच्या बाबतीत खोटा आकडा स्वतःला खरा करत गेला. लोकांना लोकप्रिय वाटलेली गाणी खरोखर लोकप्रिय व्हायला लागली. सर्वात चांगली काही गाणी हळूहळू वर परतली. पण माझ्या मते त्या प्रयोगातला मोलाचा निष्कर्ष वेगळा आहे. आकडे उलटे केलेल्या जगांत एकूण डाउनलोडच कमी झाले. लोक पहिल्या क्रमांकाच्या गाण्यापाशी जायचे, ते बेताचंच निघायचं, आणि मग एकंदरीतच त्यांचा घेण्याचा उत्साह ओसरायचा. खोट्या आकड्याने कुणा एकाचं गिऱ्हाईक पळवलं इतकंच नाही, त्याने अख्ख्या बाजाराची भूक मारली.

मराठीपुरतं बोलायचं तर हे फार महाग पडतं. स्वतंत्र मराठी संगीत मुद्दाम शोधून ऐकणारा श्रोता आधीच मोजका. 'लाखो लोकांनी ऐकलेलं' म्हणून त्याने एक गाणं लावलं, ते फुसकं निघालं, दुसरं लावलं, तेही तसंच, तर तिसऱ्याला तो येणार नाही. तिसरं गाणं कदाचित चांगलं होतं.

दुसरं नुकसान जास्त सरळ आहे. आपल्याला वाटतं स्ट्रीममागे ठरलेले पैसे मिळतात. तसं नाही. स्पॉटिफायवर जमा झालेल्या पैशातला हक्कधारकांचा हिस्सा एका हौदात पडतो आणि एकूण स्ट्रीम्समध्ये ज्याचा जितका वाटा तितके पैसे त्याला. एका ठिकाणी हजार खोटे स्ट्रीम्स ओतले की बाकी सगळ्यांचा वाटा तेवढा पातळ होतो. एकट्याचे हजार नगण्य आहेत, हे कबूल. रेल्वेने विनातिकीट जाणाऱ्याचंही हेच म्हणणं असतं. पण नगण्यांची बेरीज केवढी होते याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. २०२४च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी मायकल स्मिथ नावाच्या माणसावर आरोप ठेवले की त्याने एआयकडून ढीगभर गाणी बनवून घेतली, बॉटकडून 'ऐकवली' आणि एक कोटी डॉलरपेक्षा जास्त रॉयल्टी उचलली. अशी रॉयल्टी येते ती याच हौदातून.

तर मग होर्डिंग आणि बॉट यांत फरक काय? खूप विचार करून मी एका जागी पोचलो आहे. पैसे देऊन ऐकलं जाण्याची संधी विकत घेता येते, आणि पैसे देऊन ऐकलं गेल्याचा पुरावाही विकत घेता येतो. होर्डिंग, पोस्टर, रेडिओवरची जाहिरात, रीलखाली 'पेड पार्टनरशिप' लिहिलेला इन्फ्लुएन्सर, या सगळ्या संध्या आहेत. कुणी तरी थांबेल, ऐकेल, नाक मुरडेल, पुढे जाईल. निर्णय अजून त्याच्याच हातात आहे. बॉट हा निर्णय आधीच घेऊन टाकतो आणि तो माणसांच्या नावावर खपवतो. यूट्यूबनेही २०१९मध्ये असाच काहीसा फरक केला. पहिल्या २४ तासांतल्या व्ह्यूजच्या विक्रमात जाहिरातीतून आलेले व्ह्यूज धरणं त्यांनी बंद केलं. जाहिरात करायला बंदी नाही, पण जाहिरात दाखवली गेली याला 'लोकांनी शोधून पाहिलं' म्हणायचं नाही.

यातून एक व्यावहारिक खूणही मिळते, आणि माझ्या मित्राला ती मिळाली असती तर त्याचे पैसे वाचले असते. कारण त्याने बॉट घेतलेच नव्हते. निदान त्याला तसं वाटत होतं. त्याने घेतलं होतं 'प्लेलिस्ट प्रमोशन'. विकणाऱ्याच्या मेसेजमध्ये 'शंभर टक्के ऑरगॅनिक' असं लिहिलेलं होतं आणि त्याखाली, 'दहा हजार स्ट्रीम्स गॅरंटीड'. आठवड्याभरात अकरा हजार झाले, जवळजवळ सगळे दोन परदेशी शहरांतून, जिथे मराठी घर सापडणं कठीण. काही दिवसांनी वितरकाने गाणं काढून टाकलं. विकणारा तोवर नंबर बदलून गेला होता.

त्याचा दोष किती? तो म्हणतो, मला माहीतच नव्हतं. माझं त्याच्याशी यावरून भांडण झालं. बिल नसलेला, अर्ध्या किमतीतला आयफोन घेताना 'चोरीचा आहे हे मला माहीत नव्हतं' असं म्हणता येतं, पण न विचारण्यात आपला फायदा होता हेही तेव्हा ठाऊक असतं. गॅरंटी हा शब्दच बोलका होता. प्लेलिस्टमध्ये गाणं घालण्याची हमी एक वेळ देता येईल. कुणाला ते आवडेल, कुणी ते पूर्ण ऐकेल, याची हमी जगात कोण देऊ शकतो? आकड्याची हमी देणारा माणूस संधी विकतच नसतो. उलट बाजूने हेही खरं की शिक्षा झाली ती सगळ्यात अडाणी गिऱ्हाइकाला. विकणारा मोकळा. वितरकाकडे दाद मागायला माणूस नाही, नुसता फॉर्म. हा न्याय मला पटत नाही. पण यंत्राच्या बाजूने पाहिलं तर मुद्दाम घेणारा आणि फसून घेणारा यांचे लॉग सारखेच दिसतात.

इथवर दुसऱ्यांच्या नुकसानीचं झालं. मला सगळ्यात जास्त छळतं ते घेणाऱ्याचं स्वतःचं नुकसान, आणि ते पैशाचं नाही.

आमच्या धंद्यात एक जुनी लबाडी आहे. टेस्ट फेल होते आहे, डेडलाइन उद्या आहे, तर कोड दुरुस्त करण्याऐवजी टेस्टमधली तपासणीची ओळच काढून टाकायची. सगळं हिरवं दिसतं. मॅनेजर खूश. यात कंपनी फसते हे आहेच, पण त्या क्षणापासून तुमच्याकडे कोड चालतो की नाही हे कळायचं साधनच उरत नाही. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल जे म्हटलं, त्याचा सारांश आता सगळीकडे लावला जातो: एखादं माप गाठायचं लक्ष्य बनलं की ते मापायच्या कामाचं राहत नाही.

मित्राच्या गाण्याचा आकडा थांबला होता तेव्हा त्याच्याकडे चाळीस-पन्नास खरे श्रोते होते. त्यातल्या काहींनी गाणं सेव्ह केलं होतं. कुणी तरी नागपूरहून ते रोज रात्री अकराच्या सुमारास ऐकत होतं (असा त्याचा अंदाज, कारण आकडा रोज तेव्हाच एकाने हलायचा). हे पन्नास लोक म्हणजे बातमी होती. कुठल्या कडव्याला सोडून जातात, जुनं गाणं परत ऐकतात का, पुण्यापेक्षा नागपुरात जास्त का ऐकतात. त्यावर अकरा हजार ओतल्यावर पन्नास शोधायचे कुठे? आणि शिफारस करणारं यंत्रही माणसांच्या सवयींवरच चालतं. हे ऐकणारे आणखी काय ऐकतात, यावरून ते गाण्याचे शेजारी ठरवतं. ज्या बॉटांनी त्याचं गाणं 'ऐकलं' त्यांनी पैसे मोजलेली बाकीची गाणीही ऐकली. त्यामुळे त्याच्या मराठी गाण्याचे शेजारी झाले कुठलं तरी ईडीएम आणि झोपेसाठीचा पावसाचा आवाज.

इन्स्टाग्रामवर 'बूस्ट' दाबण्यातही पुष्कळ पैसे असेच जातात, आणि तिथे तर कुणी खोटंही बोललेलं नसतं. स्वस्तात लाइक आणून दे असं सांगितलं की यंत्र स्वस्तात लाइक देणारी माणसं शोधतं. ती दिसेल त्याला लाइक देतात. माणसं खरी, अंगठे खरे, श्रोता मात्र एकही नाही. याला मी लबाडी म्हणणार नाही. नुसती चूक म्हणेन. पण पन्नास जण त्यातही बुडतातच.

दाद म्हणजे काय असतं शेवटी? संगीत नाटकात वन्स मोअर मागणाऱ्याला घरी पोचायला उशीर व्हायचा. तमाशात दौलतजादा करणाऱ्याच्या खिशातून पैसे जायचे. दोन्हीकडे ऐकणारा स्वतःचं काही तरी देत होता आणि म्हणून त्या दादेला वजन होतं. फोनवर तीस सेकंद थांबणं ही फार बारीक दाद आहे, पण तीही कुणाच्या तरी आयुष्यातली तीस सेकंद आहेत. तेवढीच काढून घेतली तर मागे राहतो तो आकडा कशाचा?

माझी कसोटी सगळीकडे नीट बसते असा दावा नाही. २०१४मध्ये वल्फपेक या अमेरिकी बँडने 'स्लीपिफाय' नावाचा अल्बम काढला. दहा 'गाणी', प्रत्येक जेमतेम तीस सेकंदांची, आणि सगळी संपूर्ण शांत. त्यांनी चाहत्यांना उघड सांगितलं: रात्री झोपताना हा लावून ठेवा, येतील त्या पैशांतून आम्ही फुकट प्रवेश असलेला दौरा करू. सुमारे वीस हजार डॉलर जमले, मग स्पॉटिफायने अल्बम काढून टाकला. लोकांनी ऐकलं का? ऐकण्यासारखं काही नव्हतंच. पण चाहते खरे, फोन त्यांचेच, आणि खोटं कुणीच बोललं नाही. मला तो प्रकार आवडतो. मात्र ते वीस हजार त्याच हौदातून गेले, इतरांचा वाटा पातळ करून, हेही नाकारता येत नाही. स्पॉटिफायचा 'डिस्कव्हरी मोड'ही असाच: रॉयल्टी कमी घ्या, आम्ही तुमचं गाणं काही ठिकाणी जास्त पुढे करू. ही संधीच आहे, पुरावा नाही, म्हणजे माझ्या कसोटीला उतरते. पण ऐकणाऱ्याला त्या गाण्यावर 'जाहिरात' अशी चिठ्ठी दिसत नाही. होर्डिंग निदान होर्डिंग आहे हे कळतं.

आणि प्रामाणिक राहण्याची किंमत आहे, ती नाही असं मी मित्राला सांगू शकत नाही. २०२४पासून वर्षाला हजार स्ट्रीम्स न झालेल्या गाण्याला स्पॉटिफाय पैसेच देत नाही. हजार स्ट्रीम्सचे पैसे चार वडापावांत संपतील हा भाग वेगळा, पण रेघेच्या खालचा असणं जिव्हारी लागतं. त्याहून जास्त लागतं ते कार्यक्रम ठरवताना. गेल्या महिन्यात एका कॅफेवाल्याने त्याला मेसेज केला. गाणं ऐकलंय की नाही याबद्दल काही नाही, थेट "फॉलोअर्स किती? मंथली लिसनर्स किती?" कॅफेवाल्यालाही दोष कसा द्यावा? त्याला खुर्च्या भरायच्या आहेत, आणि त्याच्या हातात मोजायला तेवढंच आहे.

मित्राने मला विचारलं, काय लिहू. मी म्हटलं, तूच ठरव. दोन दिवसांनी त्याने उत्तर पाठवलं: पुण्यात आजवर सात कार्यक्रम केले, शेवटच्याला एकतीस लोक होते, त्यातले नऊ आधीच्या कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमाला आलेले होते. मंथली लिसनर्सचा आकडाही दिला, खरा, एकशे बारा. हे लिहीपर्यंत कॅफेचं उत्तर आलेलं नाही.